हेज कटिंगचा दर कसा ठरतो?

(रौप्यमहोत्सवानिमित्त बाग समितीने घेतलेल्या कार्यक्रमात, आपल्या बागेचे काम पाहणाऱ्या ठेकेदारांनी केलेले भाषण.)



मला माईकवर बोलायची सवय नाही. पण सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "दरवर्षी मीटिंगमध्ये प्रश्न येतो, नुसतं कुंपण कापायला एवढे पैसे कशाला? आता तुम्हीच सांगा." म्हणून उभा आहे.

इथलं माझं पहिलंच कोटेशन चुकलं होतं. गेटपाशी उभा राहिलो, नजरेने अंदाज केला आणि आकडा सांगून टाकला. पुढची मेंदी कमरेएवढी होती. मागे पार्किंगकडे गेलो तर ड्युरांटा डोक्याच्या वर आणि त्यात बोगनवेल घुसलेली! एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं. माणसांचा रोज दिला, मला काहीच उरलं नाही. चूक माझीच. तेव्हापासून टेप लावल्याशिवाय मी आकडा सांगत नाही.

हिशोब सोपा आहे. समजा हेज २०० फूट लांब, ४ फूट उंच आणि २ फूट रुंद आहे. आतली बाजू ४, बाहेरची ४ आणि माथा २, म्हणजे १० फूट. गुणिले २०० केले की २,००० चौरस फूट कापायचे. तीच हेज ६ फूट उंच झाली की २,८०० चौरस फूट होतात. लांबी तेवढीच, पण काम ४० टक्के जास्त. वर घोडा लावायचा, चढायचं, उतरायचं, सरकवायचं. म्हणून नुसत्या रनिंग फुटावर दर ठरवला की कोणीतरी एक फसतोच.

त्यावर माणसांचा रोज, मशीनचं पेट्रोल, पात्यांची धार. पाला उचलून टेम्पोने नेण्याचे पैसे मी वेगळे लिहितो. पाला तुमच्या खतखड्ड्यात घेतलात तर तेवढे वाचतात. फक्त बोगनवेलीचे काटे त्यात नकोत.

अजून एक. पावसाळ्यात महिना-दीड महिन्याने हात फिरवला तर कोवळे शेंडे पटकन निघतात. वर्षातून एकदाच बोलावलं तर जाड लाकूड कापावं लागतं, वेळ लागतो आणि हेज आतून उघडी पडते. आणि "आलाच आहात तर त्या झाडाची फांदीही घ्या" असं कृपया म्हणू नका. झाडाच्या फांदीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हेजमध्ये बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढा तुकडा आम्ही सोडतो. पिल्लं उडाली की येऊन कापतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता मनातलं सांगतो. एका वर्षी घासाघीस झाली आणि काम हातचं जाईल म्हणून मी दर उतरवला. पेट्रोल कमी होत नाही, माणसाचा रोज कमी करता येत नाही. मग मी काय वाचवलं? डोळ्यांचे चष्मे. जुने ओरखडलेले होते, नवे घेतले नाहीत. बोगनवेल कापताना माझ्या एका मुलाच्या डोळ्यात काडी गेली. डोळा वाचला, पण आठ दिवस तो घरी बसला. आज तो मागे उभा आहे. तुम्हाला दोष देत नाही. "एवढ्यात परवडत नाही" हे सांगायला मी घाबरलो होतो.

तेव्हा यंदा तीन कोटेशनं मागवा, जरूर मागवा. पण तिघांनाही आधी मागच्या बाजूला नेऊन टेप लावायला सांगा. पाला कोण उचलणार, वर्षातून किती वेळा येणार, माणसांना चष्मे आणि हातमोजे आहेत का, हे लिहून घ्या. मग आकडे शेजारी-शेजारी ठेवा. माझा जास्त वाटला तर तसं स्पष्ट सांगा. मीही आता स्पष्ट सांगेन.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल आमच्या सगळ्या माणसांकडून अभिनंदन. आणि भर उन्हात न मागता पाणी पाठवणाऱ्या काकूंचे खास आभार.