वीज जोडतांना आणि तोडतांना

हार्बरच्या गाडीनें रे रोडवर उतरून पूर्वेकडे चालूं लागलें कीं दारूखान्याच्या गल्ल्या लागतात. नांवांतील दारू ही तोफाबंदुकांची, गैरसमज नको. जुन्या बोटी मोडण्याचा आणि भंगार लोखंडाचा धंदा या भागांत पिढ्यान् पिढ्या चालत आला, आणि त्याच्या आधारानें लहानमोठे कारखाने उभे राहिले. स्टेशनाला ज्या लॉर्ड रे यांचें नांव आहे ते १८८५ ते १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास गेलेली हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी याच मार्गानें गेली. ती १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर चालत असे. तो प्रवाह या मार्गावरून २०१६ सालीं गेला, आणि आतां गाड्यांच्या माथ्यावर २५,००० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह असतो. कारखान्यांत मात्र उलटसुलट प्रवाह फार पूर्वीच आला होता, आणि आज मला बोलावयाचें आहे तें त्याच्याच एका खोडीविषयीं.

कारखान्याच्या मोटरला दोन प्रकारचा प्रवाह लागतो. एक प्रत्यक्ष काम करणारा. दुसरा तिच्या लोखंडांत चुंबकत्व उभें करण्यापुरता; ही शक्ति सेकंदांत शंभर वेळां मोटरकडे जाते आणि शंभर वेळां परत येते. तिनें लोखंडाचा एक कणहि कापला जात नाहीं, परंतु तारा मात्र तापतात. १९१५ सालीं खोपोलीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. इतक्या लांबून आणलेल्या तारांवर हा रिकामा येजा करणारा भार कशाला? म्हणून मोटरीशेजारींच कपॅसिटर बसवितात. आमचे वायरमन त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात. चाळींत वाटीभर साखर शेजारच्या बिऱ्हाडांतून आणावी आणि परत करावी, तेवढ्यासाठीं वाण्याकडे धांवूं नये, तसा हा व्यवहार आहे. बिलांतील दंड वांचतो, म्हणून मालकालाहि तो आवडतो.

अडचण आहे ती जोडण्याच्या क्षणीं. रिकामा कपॅसिटर विजेला जोडला कीं पहिल्या क्षणीं तो जणुं तारेचा तुकडाच असतो. प्रवाह त्यांत धो धो शिरतो. रद्दीवाल्याच्या स्प्रिंगच्या कांट्याला पांच किलोंची गड्डी अडकवा आणि हात एकदम काढून घ्या. कांटा पांचावर थांबत नाहीं. जवळजवळ दहापर्यंत झेपावतो, मग हेलकावे घेत पांचावर येतो. विजेचा दाब शिखरावर असतांना कपॅसिटर जोडला तर तसेंच घडतें. हिशेबानें दाब दुप्पट व्हावयास हवा. प्रत्यक्षांत तारांचा विरोध आड येतो आणि तो सव्वा ते पावणेदोन पटींच्या आसपास राहतो. हे हेलकावे सेकंदास तीनशेंपासून हजारपर्यंत असतात आणि डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीं विरून जातात. जुन्या मोटरींना त्याची दादहि नसे. परंतु आतांच्या लिफ्टा आणि पंप ज्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांवर चालतात, त्या फार तक्रारखोर. दाब वाढलेला दिसला कीं त्या स्वतःला वांचविण्यासाठीं काम थांबवितात, आणि एखादी आजी मधल्या मजल्यावर अडकून विजेच्या नांवानें बोटें मोडते.

याहून वाईट प्रकार शेजारचा. एक कपॅसिटर भरलेला असतांना त्याच पट्टीवर दुसरा रिकामा जोडला तर वीज दुरून येईपर्यंत थांबत नाहीं; भरलेला आपला सांठा रिकाम्यांत ओततो. मधें हातभर तांब्याची पट्टी, म्हणजे अडथळा जवळजवळ नाहींच. प्रवाह नेहमींच्या कित्येक पट चढतो, हेलकावे सेकंदास हजारोंनीं होतात, आणि स्विचाचे कांटे वितळून एकमेकांस चिकटतात. उपाय साधा आहे : मधें तारेचें एखादें वेटोळें घालावें, किंवा कांटे पूर्ण मिटण्याच्या आधीं क्षणभर विरोधी तार जोडणारा स्विच घ्यावा. उच्च दाबाच्या केंद्रांत तर दाब शून्यावर येण्याचा क्षण साधून जोडणारीं यंत्रें आहेत.

हें मी आतां सहज सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं रे रोडच्या एका गल्लींतील कारखान्यास मीच असें पॅनेल सुचविलें होतें. मालकांनीं खर्चाची यादी पाहून विचारलें, "साहेब, हीं वेटोळीं आणि हे खास स्विच काढले तर चालणार नाहीं का?" मी थोडें टाळलें, आणि मग हो म्हणालों. सहा कपॅसिटर, साधे स्विच. चारसहा महिने बिल उतरलें. मालक खूष, मीहि खूष. एका संध्याकाळीं त्यांच्या वायरमननें एक स्विच बंद केला. दिवा विझला. त्यानें झांकण काढलें आणि हात घातला. आंतले कांटे चिकटलेले होते. दिवा स्विचाच्या गुंडाळीवर होता, कांट्यांवर नव्हता. मुख्य स्विच चालूच. माणूस वांचला, पण उजव्या हाताचीं दोन बोटें आजहि नीट मिटत नाहींत. मालकांनीं मला एक शब्दहि बोल लावला नाहीं, आणि तेंच मला अधिक जड गेलें.

तोडण्याचा क्षणहि तितकाच नाजूक. स्विच उघडतो तेव्हां प्रवाह शून्यावर तुटतो, पण नेमका त्या वेळीं दाब शिखरावर असतो आणि कपॅसिटर तो धरून बसतो. सेकंदाच्या शंभराव्या भागांत पलीकडचा दाब उलट शिखरावर जातो. म्हणजे उघड्या कांट्यांमध्यें दुपटीचा ताण. तेवढ्यांत ठिणगी पुन्हां पेटली तर दाब तिपटीपर्यंत उसळूं शकतो. म्हणून अशा ठिकाणीं पुन्हां न पेटणारे निर्वात किंवा वायूचे स्विच वापरतात.

आणि स्विच तुटल्यावरहि डबा भरलेलाच असतो. तो रिता व्हावा म्हणून त्याच्या अंगावर एक विरोधी तार असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें हलक्या दाबाचा कपॅसिटर ३ मिनिटांत आणि उच्च दाबाचा १० मिनिटांत ७५ व्होल्टांखालीं उतरला पाहिजे. ती तार तुटलेली असली तर डबा मुकाट्यानें भरलेला राहतो. भरलेल्यावर पुन्हां उलट्या दाबाची जोडणी झाली तर पहिला झटका आणखी मोठा.

मोठ्या केंद्रांत शेंकडों डबे सांखळीनें जोडलेले असतात. एक निकामी झाला तर त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. नेमलेल्या दाबाहून शेंकडा १० अधिक, एवढेंच त्यांनीं सोसावयाचें असतें, तेंहि अखंड नव्हे. म्हणून दोन सारख्या भागांतील प्रवाहाची तुलना करणारा पहारेकरी रिले ठेवतात; तफावत दिसली कीं तो सांखळी तोडतो. फ्यूज असतोच, पण एकट्या फ्यूजवर विसंबूं नये.

घरच्या छताच्या पंख्यांतहि सुमारें अडीच मायक्रोफॅरडचा एक बाळ कंडेन्सर असतो. पंखा मंद झाला कीं तोच बदलतात. बदलतांना मुख्य स्विच बंद करा आणि त्याच्या दोन टोंकांस बोटें लावूं नका.

त्या कारखान्यांत आतां वेटोळीं आहेत, खास स्विच आहेत. खर्चाचा अर्धा वांटा मी उचलला. तो वायरमन तेथेंच आहे. मुख्य स्विच उघडून तो कुलूप घालतो, किल्ली खिशांत टाकतो आणि घड्याळाकडे पाहत उभा राहतो. तीन नव्हे, पांच मिनिटें. मग मीटर लावून पाहतो, जमिनीला जोडलेली काठी प्रत्येक टोंकाला टेकवितो, आणि मगच डाव्या हातानें झांकण काढतो.