पडद्यावरची इंग्रजी

आकुर्डीच्या औद्योगिक वसाहतींत दुसरी पाळी सुटते तेव्हां रात्र बरीच झालेली असते. खंडोबा माळाच्या बाजूला भाड्याच्या खोल्या करून राहिलेले तरुण कामगार हातपाय धुऊन डबा उघडतात, आणि जेवतां जेवतां कोणाच्या तरी मोबाईलवर एखादा इंग्रजी चित्रपट सुरू होतो. अशाच एका खोलींत चौघे राहतात. एक बीडकडचा, एक साताऱ्याचा, दोघे लातूर जिल्ह्यांतले. चौघांचेंही शालेय शिक्षण मराठींतून झालेलें, त्यावर तंत्रनिकेतनाची पदविका. तिघांचा जीव मोटारींच्या शर्यतींत नाहींतर मारामारींत गुंतलेला असतो. चौथ्याचे डोळे मात्र पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या अक्षरांवर खिळलेले असतात. चाकणच्या एका परदेशी कारखान्यांत त्याची मुलाखत ठरली आहे, आणि ती इंग्रजींतून व्हावयाची आहे.

ज्या आकुर्डीहून बजाजच्या स्कूटरी देशभर गेल्या, तेथल्या जुन्या कामगाराला साहेबाशीं मराठींत किंवा मोडक्यातोडक्या हिंदींत बोलून सारी नोकरी निभावतां आली. पुढें काळ पालटला. चाकणला २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेंमागें आणखीही परदेशी कारखाने आले, आणि यंत्रावर उभें राहणाऱ्या माणसावरही परक्या अभियंत्याचें बोलणें उमजून घेण्याची वेळ आली.

या तरुणाला इंग्रजी येत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. कर्तरि प्रयोगाचा कर्मणि करण्यांत तो साहेबालाही हार जाणार नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांच्यापासून ही विद्या चालत आली आहे. महाराष्ट्रांतल्या मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले तें २००० सालापासून. पण आरंभ चार वर्षें अलीकडे आला म्हणून रीत बदलली असें थोडेंच होतें? भाषा डोळ्यांनीं शिकावयाची, कानांनीं नव्हे, हाच शिरस्ता. मग "व्हॉट डू यू वाँट टु डू" हें सहा शब्दांचें वाक्य एखाद्या अमेरिकन नटाच्या तोंडून "वॉच्यावॉनाडू" असें एका घोटांत बाहेर पडलें कीं सहांपैकीं एकाचीही ओळख पटत नाहीं. चित्रपटाचा पहिला उपकार येथें होतो. तो कानाला सराव देतो, आणि शब्दासोबत चेहराही दाखवितो. "रिअली" या एका शब्दांत नवल, संशय, कंटाळा आणि उपहास कसे सामावतात हें कोणत्या कोशानें सांगावें? भुवई किती वर गेली हें पाहिल्याशिवाय तें कळावयाचें नाहीं.

तळच्या अक्षरांविषयीं, म्हणजे सबटायटलविषयीं, पुष्कळांचा एक गैरसमज आहे. तीं आपल्या भाषेंत असलीं तर शिकणें सुलभ होईल असें वाटतें. मिटरर आणि मॅक्वीन या हॉलंडमधील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्या उलट सांगतो. इंग्रजी जाणणाऱ्या डच विद्यार्थ्यांना त्यांनीं स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचीं इंग्रजी चित्रें दाखविलीं. ज्यांना तळाशीं इंग्रजी अक्षरें दिसत होतीं त्यांचा कान त्या अनोळखी उच्चारांना सरावला. ज्यांना डच भाषांतर दिसत होतें त्यांना पुढें त्याच ढंगाचीं नवीं वाक्यें ओळखतांना उलट अडथळाच झाला. डोळ्यांना आयतें भाषांतर मिळालें कीं कान झोपीं जातो! हिंदींत बोलता केलेला इंग्रजी चित्रपट तर या कामीं अगदींच निरुपयोगी. १९९४ सालीं 'ज्युरासिक पार्क' हिंदींत आला आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही डायनोसॉर ठाऊक झाला. परंतु त्यानें कोणाची इंग्रजी सुधारली नाहीं.

इंग्रजी न येण्याचें दुःख कारखान्यांतल्या पुरुषांपुरतें नाहीं. मूळच्या पुण्याच्या गौरी शिंदे यांनीं २०१२ सालीं 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांत श्रीदेवीनें उभी केलेली शशी गोडबोले लाडू करून विकणारी गृहिणी आहे. 'जॅझ' या शब्दाचा उच्चार तिला साधत नाहीं, आणि पोटची मुलगी हसते. पुढें न्यूयॉर्कला ती घरच्यांच्या नकळत शिकवणीला जाऊं लागते आणि रात्रीं जागून इंग्रजी चित्रपट पाहते. ही कथा आपल्या आईवरून सुचली असें शिंदे यांनीं सांगितलें आहे. त्यांच्या आईंचा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय होता. किती सुशिक्षित घरांतून असें हंसूं आजही ऐकूं येतें! उच्चार चुकल्याची खंत दोन दिवसांची असते, पण त्या हसण्याचा व्रण लवकर बुजत नाहीं.

शब्द हे अखेर पाठ होतात. खरी अडचण निराळीच आहे. एकेका शब्दामागें एक सबंध समाज उभा असतो, आणि तो पडद्यावर दिसत नाहीं. 'बकेट लिस्ट' या शब्दाचेंच पाहावें. २००७ सालीं त्या नांवाचा अमेरिकन चित्रपट निघाला. मरणाच्या दारीं पोंचलेले दोन वृद्ध उरलेल्या इच्छांची यादी करतात, अशी त्याची कथा. शब्द जगभर पसरला. २०१८ सालीं माधुरी दीक्षित यांचा पहिला मराठी चित्रपट आला तो 'बकेट लिस्ट' याच नांवानें, आणि घरोघर तो शब्द रुळला. पण यादीचा आणि बादलीचा संबंध काय, हें सांगणारे किती निघतील? इंग्रजींत 'बादलीला लाथ मारणें' म्हणजे मरणें. आपण 'राम म्हणणें' म्हणतों तसें. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं काढलेल्या बाजारू बोलीच्या कोशांत हा प्रयोग नोंदलेला आहे. मरणापूर्वीं करावयाच्या गोष्टींची यादी ती बादलीची यादी! राम म्हणण्याचा अर्थ इंग्रजाला सांगतांना जेवढी दमछाक होईल, तेवढीच आपली येथें होते.

चित्रपटांतल्या अमेरिकन माणसाचें सगळें बोलणें बेसबॉलनें व्यापलेलें असतें. इंग्रजाच्या तोंडीं क्रिकेटची उपमा आली तर मराठी मुलगा अडत नाहीं, बाळ ज. पंडितांचें मराठी धावतें समालोचन ज्या घरांत कान देऊन ऐकलें गेलें, त्या घरांतला तो असतो. पण अमेरिकन अधिकारी 'बॉलपार्क फिगर' मागूं लागला कीं तो बावरतो. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचें मैदान, आणि त्या मैदानावरून आलेला हा आंकडा म्हणजे निव्वळ ढोबळ अंदाज. 'मनीबॉल' (२०११) हा चित्रपट पाहून बेसबॉलचे सगळे नियम कळतील असें नाहीं. तो खेळ त्या लोकांच्या किती हाडींमाशीं खिळला आहे एवढें मात्र कळतें, आणि पुष्कळदां तेवढें पुरतें.

जेथें संदर्भ ओलांडून नेतां येत नाहींत तेथें काय करावें, याचा धडा पु. ल. देशपांडे यांनीं घालून दिला आहे. बर्नार्ड शॉचें 'पिग्मॅलियन' १९१३ सालीं रंगभूमीवर आलें. त्यावरून निघालेला 'माय फेअर लेडी' हा १९६४ चा चित्रपट आपल्याकडेही रसिकांनीं डोक्यावर घेतला. लंडनची फुलवाली शब्दारंभींचा 'ह' गाळते, आणि तेवढ्यावरून तिची पायरी ठरते. मराठींत 'ह' गाळून कोणाची पायरी ठरते? पुलंनीं १९७५ सालीं 'ती फुलराणी' लिहिलें तेव्हां तो 'ह' सोडून दिला आणि मंजुळेला मराठी वस्तींतली बोली दिली. शिवाय नांव असें ठेवलें कीं तें उच्चारतांच मराठी वाचकाला बालकवींची कविता आठवावी. परका संदर्भ जाऊन त्या जागीं घरचा आला, आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी माणसाला सख्ख्या नात्याची वाटली.

चित्रपटाची इंग्रजी जशीच्या तशी उचलण्यांत धोकाही आहेच. पडद्यावरचे गुंड आणि पोलीस जे शब्द पदोपदीं वापरतात, ते मुलाखतीच्या मेजावर ठेवले तर मेजापलीकडची मंडळी खुर्ची मागें सरकवतील. कोणता शब्द कोणी कोणाला म्हणावा हें चित्रपट सांगत नाहीं, दाखवतो. पाहणारानें तें पाहिलें पाहिजे.

आकुर्डीच्या त्या खोलींतल्या चौथ्यानें यासाठीं एक वही घातली आहे. एका चित्रपटाचीं तीनच वाक्यें टिपावयाचीं असा त्याचा नेम. डाव्या बाजूला वाक्य. उजव्या बाजूला तें कोण कोणाला आणि कशावरून म्हणालें तें. खालीं, मराठी माणूस त्या जागीं काय म्हणेल तें. 'बॉलपार्क फिगर'पाशीं तो थबकला तेव्हां साताऱ्याचा मित्र जेवतां जेवतांच म्हणाला, "सोपें आहे. अंदाजपंचे दाहोदरसे."

वहींत तें लिहून झालें. मग चौथ्यानें सहज विचारलें, "अंदाज कळला. पण दाहोदरसे म्हणजे काय रे?"

कोणालाच सांगतां येईना. लहानपणापासून कानांवरून गेलेला शब्द, पण चौघेही त्याच्यापुढें गप्प. सकाळीं पाणी भरतांना त्यांनीं घरमालकांच्या आईला विचारलें.

"अरे पोरांनो, बावीस पंचे दाहोदरसे! एकशें दहा," आजी हंसून म्हणाल्या. "बाविसाच्या जागीं अंदाज घातला कीं झाला तुमचा हिशेब. पाढे पाठ केले नाहींत वाटतें शाळेंत?"

त्या रात्रीं वहींत 'बॉलपार्क'च्या खालीं आणखी एक ओळ आली : २२ × ५ = ११०.