आर नदीकाठचे द्राक्ष-बागायतदार



निपाणी भागातील शेतकऱ्याला सुगीपेक्षा विक्रीची धास्ती अधिक असते, हे निराळे सांगावयास नको. तंबाखूचे पीक काढावे शेतकऱ्याने आणि भाव ठरवावा व्यापाऱ्याने, हा येथला जुना अनुभव. त्यातूनच १९८१ साली श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे मोठे आंदोलन झाले. शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात काहींना प्राणांस मुकावे लागले. हेच दुखणे जर्मनीतील द्राक्ष-बागायतदारांनाही जडले होते. त्यांनी त्यावर केलेला उपाय आज पाहावयाचा आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा येथे हेतू नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

ऱ्हाइनला मिळणाऱ्या आर नदीच्या काठी पाटीच्या दगडाचे उभे चढ आहेत. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब देतो, म्हणूनच इतक्या उत्तरेकडे काळे द्राक्ष पिकते. चढावरचे पुष्कळसे काम हातानेच करावे लागते. परंतु तोडलेले द्राक्ष थांबत नाही. ते लगेच गाळावे लागते, आणि रस मुरवावयास पिंपे व तळघर हवे. लहान बागायतदारापाशी ते कोठून असणार? व्यापारी देईल तो भाव घेणे त्याला भाग पडे.

१८६८ साली मायशोस गावच्या बागायतदारांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली. द्राक्षे सर्वांची, घाणा आणि तळघर सामाईक. अशा संस्थांतून द्राक्षाचे मोल नुसत्या वजनावर ठरत नाही. रसातील साखरही मोजली जाते. नजरेच्या अंदाजाची जागा मापाने घेतली. मुख्य म्हणजे, शेतकऱ्याला थांबता येऊ लागले. आणि ज्याला थांबता येते, त्यालाच भाव मागता येतो.

त्याच काळात ऱ्हाइनच्या परिसरात रायफायझन हे गावोगाव पतसंस्था उभारीत होते. तो विचार पुढे हिंदुस्थानात आला. १९०४ चा कायदा झाला आणि १९०५ साली गदगजवळ कणगिनहाळ येथे सहकारी पतसंस्था निघाली. म्हणजे हे बीज आपल्या शेजारीच रुजले होते.

जुलै २०२१ मध्ये आर नदीला महापूर आला. माणसे दगावली, तळघरे चिखलाने भरली. तेव्हा बागायतदारांनी चिखल माखलेल्या बाटल्या तशाच विक्रीस काढल्या आणि लोकांनी त्या मदत म्हणून घेतल्या.

आपल्याकडे तासगाव-सांगलीचा बागायतदार द्राक्षाचा बेदाणा करून शीतगृहात ठेवतो, तोही थांबण्याचाच मार्ग. मात्र गोदाम बांधले म्हणजे संस्था झाली असे नव्हे. चांगला माल बाहेर विकावा आणि उरलासुरला संस्थेत घालावा, असे सभासदच करू लागले, तर कोणतेही तळघर त्यांना तारणार नाही. आर नदीकाठची ती संस्था दीडशे वर्षांनंतरही उभी आहे, हे आपण ध्यानी घेण्याजोगे आहे.