श्रद्धा, स्वावलंबन आणि ख्रिस्ती जीवन



या व्यासपीठावर आजवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही पडलो कामगार संघटनेतले. आम्हांला गेटसभेत बोलण्याची सवय. तेथे दहा मिनिटांत मुद्दा हाती लागला नाही तर पाळीचा भोंगा होतो आणि श्रोते आत निघून जातात. येथे भोंगा नाही, म्हणून आपण सबुरीने ऐकाल अशी आशा आहे. आम्हीही ती ताणणार नाही.

आजचा प्रश्न असा, की ख्रिस्ती माणसाने देवावर भरवसा ठेवून राहावे, की स्वतःच्या हातापायांवर? श्रोत्यांत बहुसंख्य मंडळी ख्रिस्ती नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु ‘हरी देईल खाटल्यावरी’ असे म्हणणारा मनुष्य आणि ‘देव कोणी पाहिला, मनगट पाहा’ असे म्हणणारा मनुष्य, हे दोघे प्रत्येक धर्मात आहेत. पुष्कळदा तर ते एकाच घरात, एकाच ताटावर बसलेले असतात.

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले. मग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील शेते बघता बघता कारखान्यांच्या छपरांखाली गेली, आणि पुढे हाच पट्टा चाकणपर्यंत लांबला. कामाच्या शोधात नगर, जालना, सोलापूर या भागांतून जी माणसे इकडे आली त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. आमच्या वडिलांनी येताना पेटीत दोन कागद आणले होते. एक शाळा सोडल्याचा दाखला आणि दुसरा गावच्या मंडळीच्या पाळकांनी दिलेला सभासदत्वाचा दाखला. पहिला कारखान्याच्या फाटकावर दाखवायचा, दुसरा चर्चमध्ये. दोन्ही कागद त्यांनी एकाच फडक्यात बांधून ठेवले होते. त्यांत भांडण आहे असे त्यांना कधी वाटले नाही. भांडण आमच्या पिढीत आले.

ते कसे आले ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. भोसरीच्या बाजूला आठ-नऊ माणसांचे एक लहान वर्कशॉप होते. तेथे प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती तरुणाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. माणसे दहाहून कमी, म्हणून कर्मचारी राज्य विमाही नव्हता. मात्र 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली त्याचा हक्क होता, आणि अर्जाची मुदत दोन वर्षांची होती. आम्ही अर्ज तयार केला. तो सही करीना. ज्या घरगुती प्रार्थनासभेस तो जात असे तेथे त्यास सांगण्यात आले होते, की देव न्याय करील. कोर्टकचेरी म्हणजे अविश्वास. आम्ही तापून म्हणालो, “देव काही तुझा अर्ज भरायला येणार नाही.” तो काही न बोलता उठला आणि निघून गेला.

त्या दिवशी बोलण्यात चूक आमची होती. ती कोणती, हे कळावयास आम्हांस पुष्कळ वाचावे लागले. आपल्याच महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी अंगावर घेतला अशा थोर माणसांकडे आम्ही वळलो.

पहिल्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, आणि सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडणारे. दुष्काळ पडला. जवळ होते ते दानधर्मात आणि देवकार्यात संपले. आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीच्या त्या दिवसांत गेली. रमाबाईंनी पुढे आपली साक्ष लिहून ठेवली आहे. तीत त्या स्पष्ट सांगतात, की भीक मागणे किंवा हलके काम करणे आमच्या अभिमानास रुचेना आणि पोट भरण्याचा कोणताही व्यवहारी धंदा आम्हांस ठाऊक नव्हता. श्लोक हजारोंनी पाठ, पण भाकर मिळविण्याची विद्या नाही. ही जखम त्या कधी विसरल्या नाहीत.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले होते. दहा वर्षांनंतर काय? म्हणून बाईंनी पुणे-दौंड रेल्वेवरील केडगावास जमीन घेतली आणि फळझाडे लावली. झाडे धरतील, फळे विकू आणि मुलींचा खर्च भागवू, असा हिशेब होता. याला आम्ही स्वावलंबन म्हणतो, आणि शुद्ध स्वावलंबन म्हणतो.

परंतु झाडे फळण्याआधी 1896 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात बाया आणि मुली रस्त्यावर मरू लागल्या. हिशेबाची वही उघडून बसले असते तर उत्तर ‘नाही’ असेच आले असते. नव्या तोंडांसाठी पैसा नव्हता. रमाबाई वही मिटून निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परत आल्या. तोच पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या त्याच शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यातून मुक्तिसदन झाले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली.

आता प्रश्न पाहा. मुलींना घरात घेतले ते श्रद्धेने. पण घेतल्यावर बाईंनी काय केले? नुसती प्रार्थना केली नाही. विहिरी खणविल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा घातला, छापखाना उभारला. अंध स्त्रियांना बोटांनी वाचावयास शिकविण्याचीही सोय तेथे झाली. जी विद्या दुष्काळात आपल्यापाशी नव्हती ती त्यांनी प्रत्येक मुलीच्या हातात दिली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मराठीत केलेले बायबल त्याच छापखान्यात छापले गेले, आणि खिळे जुळविणारे हात तेथल्या बायकांचे होते. बाई 1922 साली वारल्या आणि ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

म्हणजे ‘होय’ म्हणताना देवावर भरवसा, आणि ते ‘होय’ निभावताना स्वतःचे हात. आम्ही जेव्हा त्या तरुणास बोललो तेव्हा यातला अर्धाच भाग आम्हांस ठाऊक होता, आणि त्यास उपदेश करणारांस दुसरा अर्धा.

येथे कोणी म्हणेल, झाले, दोन्ही हवीत, वाद मिटला. वाद इतका सोपा मिटत नाही. कधी कधी खरोखरच एक सोडावे लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. 1895 साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले. 1917 साली त्यांनी मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा दिला. परकीयांच्या पगारावर सांगितलेला ख्रिस्त या देशाच्या काळजास भिडणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जेथे जागा असेल असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. 1919 साली त्यांचा अंत झाला.

या राजीनाम्यापुढे आमची मान लवते. बांधलेला पगार सोडणे म्हणजे काय, हे दर महिन्याच्या सात तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या कामगारास कोणी समजावून सांगावयास नको. तरीही आम्ही एक प्रश्न विचारतो, आणि तो संघटनेच्या माणसाचा प्रश्न आहे: तो पगार एकट्या टिळकांचा होता काय? तो लक्ष्मीबाईंचाही होता. टिळकांचा हात सढळ. पैसा आला की वाटेला लागे, आणि चूल पेटती ठेवण्याची काळजी बाईंची. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांस हे ठाऊक आहे. बाई हे सारे हसत हसत सांगतात, पण वाचणाराने ते हसण्यावारी नेऊ नये. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही पुढे याच बाईंनी पुरे केले. तेव्हा त्या घरातील श्रद्धेची पुष्कळशी किंमत मोजली कोणी, हे ध्यानात घ्यावे.

याचा निवाडा आम्हांस आमच्या गावाशेजारीच सापडला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. त्या तुकोबांचे देहू येथून हाकेच्या अंतरावर आहे. परंपरा अशी सांगते, की तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. तिचा दुसरा भाग फार जण विसरतात. खतांच्या दोन वाटण्या केल्या होत्या. धाकटा भाऊ कान्होबा, त्याची वाटणी त्याच्या हवाली केली, आणि बुडविली ती केवळ आपली.

बंधुभगिनींनो, आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. श्रद्धेपोटी सोडून द्यायचे ते आपल्या वाटणीचे. भावाच्या वाटणीचे कागद नदीत टाकण्याचा अधिकार कोणत्याही भक्तास नाही. ते कोरडे राखणे, त्यासाठी कष्ट करणे आणि प्रसंगी भांडणे, हेही भक्तीचेच काम आहे.

शास्त्र याच्या विरुद्ध आहे काय? रानात इस्राएल लोकांस मान्ना मिळाला, पण तो कोणाच्या तोंडात पडला नाही. रोज सकाळी उठून तो गोळा करावा लागे. आणि ज्याने उद्याची तजवीज म्हणून साठविला त्याच्या भांड्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञाच होती. म्हणजे आळसालाही जागा नाही आणि साठेबाजीलाही नाही. संत पौल करिंथास तंबू शिवून पोट भरी, कारण कोणावर भार पडू नये. तोच पौल फिलिप्पैकरांची मदत आनंदाने स्वीकारी, आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी गावोगाव वर्गणी जमवी. स्वतःसाठी कष्ट आणि दुसऱ्यासाठी वर्गणी! आमच्या संघटनेची घटना याहून फारशी वेगळी नाही.

आता आमच्या बाजूच्या मंडळींसही दोन शब्द. स्वावलंबनाचीही अंधश्रद्धा होते. ‘मी कोणाचे देणे लागत नाही’ असे म्हणणारे कामगार आम्ही पुष्कळ पाहिले. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि आठवड्याभरात त्यांतील कंत्राटी माणसांची भांडी रिकामी झाली. त्या वेळी कोणी शेजाऱ्याने पीठ दिले, कोणी गुरुद्वारातून जेवण आणले, कोणा मंडळीने तांदूळ वाटले. एकट्याचे मनगट कितीही दणकट असले तरी बंद फाटकापुढे त्याचे काही चालत नाही. आणि लांबलेल्या लढ्यात, जेव्हा हिशेबाने पाहता माघार हीच शहाणपणाची दिसते, तेव्हा जे टिकून राहतात त्यांच्या पोटात काही तरी न दिसणारे असते. त्यास कोणी देव म्हणतो, कोणी न्याय म्हणतो. हिशेबाच्या वहीत ते नसते, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

प्रभूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तीत रोजची भाकर मागितली आहे. ती भाकर ‘माझी’ नाही, ‘आमची’ आहे. लहानपणापासून ती प्रार्थना आम्ही म्हणत आलो, पण त्या एका सर्वनामाकडे आमचे लक्ष संघटनेत आल्यावर गेले. भाकर आमची म्हटली, की शेजाऱ्याच्या ताटात ती का नाही, हे विचारणे प्रार्थनेतच आले.

त्या तरुणाचे काय झाले, हे सांगून संपवितो. मुदत संपण्यास दोन-अडीच महिने उरले असता आम्ही त्याच्या घरी गेलो. प्रथम मागच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग त्यास विचारले, “बोटे तुझी गेली. तू मालकास क्षमा करतोस?” तो म्हणाला, “केली.” आम्ही म्हटले, “उत्तम. ते तुझ्या वाटणीचे होते. पण भरपाईत या मुलीच्या शाळेचा वाटा आहे. तो सोडण्याचा अधिकार तुला कोणी दिला? आणि ती जाळी बसली नाही तर उद्या त्या प्रेसवर दुसऱ्याचा हात जाईल. त्याच्या वतीने क्षमा कशी करशील?” तो बराच वेळ गप्प बसला. त्याची पत्नी आतून आली आणि म्हणाली, “दादा, आधी प्रार्थना करू, मग सही करतील.” आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. नंतर त्याने डाव्या हाताने, वेडीवाकडी, पण सही केली.

भरपाई मिळाली. फार मोठी नव्हती, आणि बोटे काही परत आली नाहीत. पण मुलीची शाळा सुटली नाही, आणि त्या प्रेसला जाळी बसली. तो आजही त्याच प्रार्थनासभेस जातो. संघटनेची वर्गणीही भरतो. दोन्ही पावत्या तो एकाच डब्यात ठेवतो, हे आम्ही पाहिले, तेव्हा आम्हांस वडिलांचे ते फडके आठवले.