बळ आपलें, बुद्धि देवाची



दुष्काळाच्या सभेंत देवाचें नांव निघालें कीं व्यवहारी मनुष्य थोडा साशंक होतो. देवावर हवाला टाकणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें, अशी त्याची समजूत असते. आम्ही वकिलीच्या धंद्यांतले. आमचा भरंवसा कागदावर आणि पुराव्यावर. म्हणून दोन पुरावेच आपणांपुढें ठेवतों.

पहिला सर रिचर्ड टेंपल यांचा. १८७३-७४ सालीं बंगाल-बिहारांत पिकें बुडालीं, तेव्हां त्यांनीं ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून सढळ हातानें मदत केली व भूकबळी फारच थोडे पडले. तथापि शाबासकी न मिळतां उधळेपणाचा ठपका मात्र त्यांजवर आला. पुढें १८७७ सालीं मद्रास इलाख्याच्या दुष्काळावर त्यांचीच नेमणूक झाली. या खेपेस त्यांनीं दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणविली. इतक्या अन्नावर कष्ट करणारा देह टिकणार नाहीं, अशी हरकत तेथील सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं घेतली आणि कांहीं महिन्यांनीं सरकारास मजुरी वाढवावी लागली. माणूस तोच, कर्तबगारीही तीच. पहिल्या खेपेस डोळ्यांपुढें भुकेला होता. दुसऱ्या खेपेस मागील टीका होती, असें आम्हांस वाटतें. आपल्याच शहाणपणावर सारी भिस्त ठेविली म्हणजे तें शहाणपण भयाची चाकरी केव्हां करूं लागलें, हें कळतही नाहीं.

दुसरा पुरावा घरचा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत देहूच्या तुकोबांचें दुकान बसलें. पत्नी अन्नावांचून गेली. पिढीजात महाजनकी, सावकारी, सचोटी यांपैकीं एकही बळ कामास आलें नाहीं. पुढें त्यांनीं ऋणकोंचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, असें महीपतीनें चरित्रांत सांगितलें आहे. परंतु त्याआधीं धाकटे बंधु कान्होबा यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या स्वाधीन केला. सोडला तो केवळ आपला अर्धा. कायद्याच्या दृष्टीनें यांत काडीचें वैगुण्य सांपडणार नाहीं. देवाच्या बुद्धीवर विसंबलेला मनुष्य हिशेब विसरत नाहीं. दुसऱ्याचें तें दुसऱ्यास देतो आणि स्वतःचें भय तेवढें टाकतो.

आपल्या मनांतील प्रश्न आम्हांस ठाऊक आहे. पुढचाही पाऊस चुकला तर काय? कोठार आज रिकामें केल्यावर उद्यां कोणाच्या तोंडाकडे पाहावें? पाऊस कोणाच्याच हातीं नाहीं हें खरें. म्हणूनच त्याच्या आडाख्यास आपल्या दानाचा धनी होऊं देऊं नये. उद्यांचें ज्ञान ईश्वरानें स्वतःजवळ ठेविलें आहे. आजचें कर्तव्य मात्र उघड लिहून दिलें आहे. विहीर आटली, दावणीचें जनावर बाजारांत गेलें, कर्ता पुरुष मजुरीसाठीं परगांवीं गेला: ही आज्ञा वाचून दाखविण्यास निराळा शास्त्री नको.

खतें बुडवा, असें समिति सांगत नाहीं. व्यापाऱ्यांनीं धान्य खरेदीच्या भावानें द्यावें. बागाईतदारांनीं राखलेल्या कडब्यांतला वांटा गुरांच्या छावणीस पाठवावा आणि विहिरीचें पाणी शेजारच्या वस्तीस मोकळें करावें. ज्यांचें येणें असेल त्यांनीं यंदाचें व्याज सोडावें. जमाखर्च पुढील पानांवर छापला आहे. तो अवश्य ताडून पाहावा. श्रद्धेला हिशेबाचें वावडें नाहीं.

आपलें सर्वांचें बळ थोडें आहे, हें आम्हीही जाणतों. तें कोठें वेंचावें एवढेंच देवास विचारावयाचें आहे. आणि त्याचें उत्तर यंदा आपल्या दाराशीं उभें आहे.