कॅमेऱ्याची खांद्यावरची बॅग

लग्नसराई जवळ आली की आपल्या परभणी जिल्ह्यातले फोटोग्राफर लेन्सची, फ्लॅशची, नव्या बॅटऱ्यांची तजवीज करतात. बॅगेचा विचार मात्र शेवटी, तोही दुकानात जी हाताला लागेल तिचा. दिवसभर खांद्याला लटकणारी वस्तू अशी घाईत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी खांद्यावरचीच बॅग का, ते सांगतो. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथल्या गर्दीत पाठीवरची बॅग उतरवून, चेन उघडून लेन्स काढायला जागा कुठली? शिवाय पाठीमागे कोण हात घालतंय ते कळतही नाही. जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन लेण्यांत वाकून शिरावं लागतं. पाठीवर फुगवटा असला की तो वर घासतो. खांद्यावरची बॅग पोटाशी ओढली की काम भागतं. फिलाडेल्फियाचे वृत्तछायाचित्रकार जिम डोमकी यांनी सत्तरच्या दशकात कॅनव्हासची मऊ बॅग तयार केली, ती याच गरजेतून: बॅग खांद्यावर असतानाच तिच्यातून काम करता आलं पाहिजे. पेटीसारखी ताठ बॅग अंगाला टोचते. मऊ बॅग कमरेला चिकटून राहते.

आता वजन. एक बॉडी, एक नेहमीची झूम, सत्तर-दोनशेची एफ २.८ लेन्स, फ्लॅश आणि बॅटऱ्या धरल्या तर चार किलोच्या आसपास ओझं होतं. सत्तर-दोनशे एकटीच दीड किलोच्या घरात जाते. हे सगळं एका खांद्यावर येणार, म्हणून पट्टा रुंद हवा, त्याला न घसरणारी गादी हवी, आणि तो डोक्यावरून तिरपा घालता येईल इतका लांब हवा. पट्टा बॅगेला जिथे शिवलाय ती जागा दुकानातच दोन्ही हातांनी ओढून पाहा. बॅग तिथेच उसवते. आणि मोठी बॅग घेऊ नका. रिकामा कप्पा कोणी रिकामा ठेवत नाही.

आपल्याकडचा फुफाटा तर तुम्हाला ठाऊकच आहे. काळ्या मातीची ती बारीक धूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते. त्यासाठी चेन आणि तिच्यावरून येणारं झाकण, दोन्ही असू द्या. झाकणाला वेल्क्रो असेल तर कीर्तनात, मंगलाष्टकांत त्याचा करकर आवाज होतो; बकल बरं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा काळ्यापेक्षा खाकी किंवा करडा रंग कमी तापतो. बंद गाडीत मात्र कुठल्याच रंगाची बॅग ठेवू नका; लिथियमच्या बॅटऱ्यांना ती उष्णता सोसत नाही. पावसाळ्यात वरून घालायचं कव्हर लागतंच, पण घरी आल्यावर लेन्स बाहेर काढून ठेवा आणि बॅग उघडी वाळवा. ओलसर फोममध्ये लेन्सला बुरशी धरते, आणि आतल्या काचेवर गेलेली बुरशी काढायला लेन्स खोलावी लागते.

एसटीत ही बॅग वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या.

आणि एक विनंती. बॅग घ्यायला जाल तेव्हा आपला कॅमेरा, लेन्स, फ्लॅश सगळं सोबत न्या. दुकानात ते भरून बॅग खांद्याला लावा, थोडं चाला, वाका, एका हाताने लेन्स काढून परत ठेवून पाहा. एवढं करू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.