मध्ययुगीन व्यूहखेळांतील धर्म : राजाच्या हाती नसलेली सत्ता



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकविला. त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी मी संगणकावरील खेळांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आजच्या मुलांना मध्ययुगाची पहिली ओळख पाठ्यपुस्तकातून होतेच असे नाही. पुष्कळदा ती संगणकाच्या पडद्यावर होते. पोपचा बहिष्कार म्हणजे काय, खलिफाची मान्यता कशाला लागे, हे शब्द ती तेथे ऐकतात आणि मग वर्गात येऊन आम्हां शिक्षकांना प्रश्न विचारतात. जेथे इतिहास शिकला जातो, तेथे तो कसा शिकविला जातो हे पाहणे इतिहासाच्या अध्यापकाचे कामच आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. व्यूहखेळात खेळणारा राजा असतो. समोर नकाशा असतो. करवसुली, सैन्यभरती, तह, विवाहसंबंध, वेढे हे सारे तो ठरवितो. बुद्धिबळाचा पट विस्तारून त्यात खजिना आणि दरबार घातला, अशी कल्पना करावी. अशा खेळात 'धर्म' हा घटक कसा आणावयाचा, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांपुढे गेली पंचवीस-तीस वर्षे उभा आहे. त्यांनी दिलेली उत्तरे मला उद्बोधक वाटतात, चुकलेली उत्तरे तर अधिकच.

१९९९ साली निघालेल्या 'एज ऑफ एम्पायर्स २' या लोकप्रिय खेळात एक मठवासी साधू असतो. तो शत्रूच्या सैनिकासमोर उभा राहून काही काळ मंत्र पुटपुटतो आणि त्या सैनिकाच्या अंगरख्याचा रंग बदलतो. त्याने कोणता देव टाकला आणि कोणता स्वीकारला, याचा कोठेही पत्ता नसतो. खेळात याला धर्मांतर म्हणतात. आपण याला फितुरी म्हणू.

पण याच खेळात एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी त्याला बरेच माफ करतो. नकाशावर काही पवित्र अवशेष विखुरलेले असतात. साधूने ते उचलून मठात आणून ठेवले की मठातून सोन्याचा ओघ सुरू होतो. वरवर पाहता ही कल्पना पोरकट वाटते, परंतु मध्ययुगीन युरोपचे अर्थकारण तिच्यात नेमके पकडले आहे. १०८७ साली इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी आशिया मायनरमधील मायरा येथून संत निकोलसच्या अस्थी उचलून आणल्या आणि बारी हे यात्रेचे क्षेत्र झाले. १२३९ साली फ्रान्सचा राजा नववा लुई याने ख्रिस्ताचा म्हणून मानला जाणारा काटेरी मुकुट मिळविला. कॉन्स्टँटिनोपलच्या कंगाल झालेल्या लॅटिन सम्राटाच्या कर्जापायी तो व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण पडला होता. लुईने कर्ज फेडून तो सोडविला आणि तो ठेवण्यासाठी पॅरिसमध्ये सेंट-शापेल हे प्रार्थनामंदिर उभारले. १२४८ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. मुकुटापायी मोजलेली रक्कम मंदिराच्या बांधकामखर्चाहून कितीतरी मोठी होती. मंदिरापेक्षा मूर्ती महाग, हे आपल्याकडील देवस्थानांच्या विश्वस्तांना समजावून सांगावे लागणार नाही.

'सिव्हिलायझेशन ४' या २००५ सालच्या खेळाने वेगळा मार्ग धरला. हा खेळ केवळ मध्ययुगाचा नाही, परंतु त्याचा विचार टाळता येत नाही. त्यात सात धर्म आहेत : बौद्ध, हिंदू, यहुदी, कन्फ्यूशियन, ताओ, ख्रिस्ती आणि इस्लाम. या सातांचा परिणाम एकसारखा ठेवलेला आहे. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून रचनाकारांनी जाणूनबुजून तसे केले. हे सौजन्य मी समजू शकतो. मात्र त्यामुळे धर्म म्हणजे निरनिराळ्या रंगांच्या सात टोप्या झाल्या. कोणती घातली याने डोक्यात काही फरक पडत नाही, फक्त शेजाऱ्याची टोपी वेगळी असेल तर भांडण होते. काही विनोदी वृत्तीचे श्रोते म्हणतील, की यात खोटे काय आहे?

राजाला खरोखर अडविणारा धर्म मला प्रथम 'मेडिव्हल २ : टोटल वॉर' या २००६ सालच्या खेळात आढळला. तेथे कॅथलिक राजाने कॅथलिक शेजाऱ्यावर स्वारी केली की पोपचा आदेश येतो : युद्ध थांबवा. न ऐकल्यास बहिष्कार. हे वाचताना १०७७ सालच्या जानेवारीत कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस थंडीत क्षमायाचना करीत उभा राहिलेला चौथा हेन्री आठवतो. पण खेळात पोपची मर्जी हा एक आकडा आहे. नजराणा पाठविला की तो चढतो. हेन्री आणि सातवा ग्रेगरी यांचा तंटा मर्जीचा नव्हता. जर्मनीतील बिशप हे धर्मगुरू होते आणि त्याच वेळी राजाचे जमीनदार व कारभारीही होते. त्यांना पदाची अंगठी आणि दंड कोणी द्यावयाचा, या प्रश्नावर सगळे राज्ययंत्र उभे होते. म्हणूनच कॅनोसाने काही मिटले नाही. १०८४ साली त्याच हेन्रीने रोम घेऊन आपल्या बाजूच्या पोपकडून स्वतःला राज्याभिषेक करविला, आणि तडजोड व्हावयास ११२२ साल उजाडले. दोघेही मूळ नायक तोवर मरून गेले होते.

येथे माझ्या मुद्द्याकडे येतो. या बहुतेक खेळांत धर्म ही राजाच्या भात्यातली एक वस्तू असते. प्रत्यक्ष मध्ययुगात धर्म हे त्या साऱ्या गोष्टींचे नाव होते, ज्या राजाला हव्या असत परंतु स्वतःच्या हुकमाने निर्माण करता येत नसत. १२२९ या एकाच वर्षातील दोन घटना पाहा.

सम्राट दुसरा फ्रेडरिक याने क्रुसेडची शपथ घेतली होती. ती पाळण्यास त्याने विलंब लावला म्हणून पोप नववा ग्रेगरी याने १२२७ साली त्याला बहिष्कृत केले. बहिष्कृत अवस्थेतच तो निघाला, आणि फेब्रुवारी १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून, लढाई न करता, त्याने जेरुसलेम मिळविले. मुसलमानांची पवित्र स्थाने त्यांच्याकडेच राहिली. कोणत्याही खेळात हा दिग्विजय ठरला असता, गुणांचा पाऊस पडला असता. प्रत्यक्षात जेरुसलेमच्या कुलगुरूने त्या शहरावरच धार्मिक बंदी घातली. काय मिळविले याला किंमत नव्हती. कोणी आणि कोणत्या अधिकाराने मिळविले, हा प्रश्न होता.

त्याच वर्षी दिल्लीत बगदादच्या खलिफाचे दूत सुलतान इल्तुत्मिश याच्यासाठी सन्मानाची वस्त्रे घेऊन आले. इल्तुत्मिशने सत्ता तलवारीने मिळविली होती. बगदादहून त्याला एक घोडेस्वारही मिळणार नव्हता. तरीही एकेकाळच्या गुलामाला हा कागद आणि ही वस्त्रे हवी होती, कारण सरदारांत तो बरोबरीच्यांपैकी एक होता आणि ही मान्यता त्याला त्यांच्याहून वेगळे करीत होती. पुढे १२५८ साली मंगोलांनी बगदाद लुटले आणि खलिफा अल-मुस्तसिम याला ठार मारले. तरीही दिल्लीच्या नाण्यांवर त्या मृत खलिफाचे नाव जलालुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीपर्यंत, म्हणजे तीसहून अधिक वर्षे, छापले जात राहिले. खलिफा मेला की त्याचा लाभ संपला, असे खेळाचे गणित असते. दिल्लीच्या टांकसाळीला मेलेला खलिफा पुरत होता.

या दृष्टीने २०२१ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स ४' मधील दिल्ली सल्तनत मला बरी वाटते. तेथे नवी विद्या मिळविण्यास पैसा पडत नाही, पण वेळ फार लागतो. मशिदीत विद्वान बसविले की काम लवकर होते. म्हणजे सुलतानाला उलेमांवर अवलंबून राहावे लागते. मात्र हे विद्वान कधी 'नाही' म्हणत नाहीत. बरनीने अल्लाउद्दीन खिलजी आणि काझी मुघीस यांचा संवाद नोंदविला आहे. त्यात काझी सुलतानाला तोंडावर सांगतो, की देवगिरीहून आणलेली लूट तुझी खाजगी मालमत्ता नव्हे. देवगिरी म्हटल्यावर आपले कान टवकारले असतील. असा काझी खेळात यावयास हवा.

आता 'क्रुसेडर किंग्ज' या मालिकेकडे वळतो. स्टॉकहोममधील पॅराडॉक्स या संस्थेने ती रचली. धर्माचा सर्वांत गंभीर विचार तिच्यात आहे, म्हणून तिच्याशी माझे भांडणही मोठे आहे. २०१२ साली दुसरा भाग निघाला तेव्हा केवळ ख्रिस्ती राजा होऊनच खेळता येई. काही महिन्यांनी मुसलमान राजे खुले झाले, पण त्यांच्यासाठी 'अधःपात' नावाचा एक मापक बसविला : घराणे ऐषारामी झाले की ते कोसळणार. चौदाव्या शतकातील थोर इतिहासचिंतक इब्न खल्दून याच्या सिद्धांताची यात छाया दिसते. त्याने मात्र तो एकूण राजवंशांच्या उदयास्तासंबंधी मांडला होता. खेळाने तो एकाच धर्माच्या माथी मारला. जणू फ्रान्सची आणि कनौजची घराणी ऐषारामाने कधी बुडालीच नाहीत.

२०१४ साली भारत नकाशावर आला, आणि त्याबरोबर जाती आल्या. त्या तीन : ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. खेळ राजांचा, तेव्हा इतर कशाला, असा युक्तिवाद करता येईल. परंतु मग धर्म हा विषय घेतला कशाला? यादवकाळाच्या उत्तरार्धात आपल्या भाषेत धर्माचा जो नवा उच्चार झाला, त्यात नामदेव शिंपी आहेत, गोरोबा कुंभार आहेत, चोखोबा आहेत. या तीन खणांत त्यांतला एकही बसत नाही.

२०२० सालच्या तिसऱ्या भागाने पुष्कळ सुधारणा केल्या. हिंदू धर्माच्या एका ठोकळ्याऐवजी तेथे शैव, वैष्णव, शाक्त, स्मार्त असे पंथ आहेत. पण तेथेच असेही आहे की राजाने पुरेसे पुण्य साठविले की ते खर्चून त्याला हवी ती तत्त्वे निवडून नवा पंथच स्थापता येतो. पुण्य साठवून धर्म विकत! राजाने काढलेल्या पंथाचे आपल्याकडील ठळक उदाहरण अकबराचा दीन-इ-इलाही. बादशहा एवढा मोठा, आणि अनुयायी बोटांवर मोजण्याइतके. उलट बाराव्या शतकातील कल्याण पाहा. आपल्या हैदराबादहून ते काही तासांच्या अंतरावर आहे. बसवेश्वर हे कलचुरी राजा बिज्जल याच्या दरबारी मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्याभोवती चांभार, कोळी, धोबी, स्त्रिया असे शरण जमले आणि वचनांतून बोलू लागले. ते बिज्जलाच्या आज्ञेने घडले नाही आणि त्याला थोपविताही आले नाही. आज ते राज्य नाही, वचने आहेत. खेळात मी बिज्जल होऊ शकतो. कल्याणात जे घडले ते बिज्जलाच्या खिडकीतून दिसते कसे, हे मात्र खेळ मला दाखवीत नाही. माझ्या हातात तो थोपविण्याची नाहीतर स्वीकारण्याची कळ देतो, आणि दोन्ही कळा चालतात!

या साऱ्यामागे एक जुनी सवय आहे. प्रत्येक प्रांताला एक धर्म, प्रत्येक राजाला एक धर्म, आणि वेगळ्या धर्माच्या मांडलिकाविषयी आपोआप अप्रीती. १८१७ साली जेम्स मिल याने भारतात पाऊल न ठेवता भारताचा इतिहास लिहिला आणि त्याचे हिंदू, मुसलमान व ब्रिटिश असे तुकडे पाडले. रंगीत नकाशा हा त्या विभागणीचा नातू आहे. आम्ही पाठ्यपुस्तकवालेही त्याच कुळातले, तेव्हा सगळा दोष खेळांवर ढकलता येणार नाही. मोहरममध्ये 'बीबी का अलावा'ची मिरवणूक पाहावयास रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या या शहरातील मुलाला तो नकाशा अपुरा वाटावयास हवा. पण पडद्यावरचा रंग डोळ्यांत लवकर भरतो.

डहाणूजवळ चिंचणी येथे सापडलेला शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा एक ताम्रपट आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. मधुमती म्हणजे मुहंमद. संस्कृत लेखकाने नाव कानाला गोड करून घेतले आहे. दशमी देवीच्या एका मठिकेसाठी जमिनीचे दान या मधुमतीने सम्राटाच्या संमतीने दिले आहे. त्याचा धर्म कोणी बदलला नाही, त्यानेही देवीचा पुजारी बदलला नाही. बंदर चालावे, व्यापारी यावेत, मठिकेत अन्न शिजावे, ही त्या दानामागील व्यवस्था.

'क्रुसेडर किंग्ज ३' सुरू होतो इ.स. ८६७ पासून. म्हणजे हा ताम्रपट त्या खेळाच्या काळात आणि त्याच्या नकाशावर येतो. मी एका हुशार विद्यार्थ्याला विचारले, की तू तिसरा इंद्र आहेस, मधुमतीला संजाण देशील का? त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "नाही सर, त्याच्या मतांचे गुण वजा होतात." मी त्याच्यापुढे ताम्रपटाचे भाषांतर ठेवले. ते वाचून त्याने विचारले, "मग खेळात याला गुण कशाचे द्यायचे?" आम्ही दोघांनी मिळून एक कच्ची यादी केली : राजाला कर न देणारी जमीन, त्याच्या हुकमाबाहेरची माणसे, नाण्यावर घालावे लागणारे दुसऱ्याचे नाव, आणि दान दिल्यावर परत घेता न येणारे गाव. हे खेळ सामान्य खेळाडूलाही बदलता येतात, तशी सोय त्यांत असते. तो मुलगा सध्या संजाणचे बंदर रचीत बसला आहे. मठिका कोठे ठेवावयाची, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.